रहू पेरणी आणि भाताचे बी

ठाणे व रायगड (पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यांच्या खारजमिनींत रोपे न लावता मोड आलेले भाताचे बी चिखलात फेकून पेरण्याची रीत आहे. तिला ‘रहू’ म्हणतात. बी भिजवावयाचे, निथळून पेंढ्याखाली उबेस ठेवावयाचे आणि मोड येताच पेरावयाचे, एवढाच हा खटाटोप. तो का सफल होतो, हे उमगावयास मात्र प्रयोगशाळेस विसाव्या शतकाची अखेर गाठावी लागली.

प्राणवायूवाचून गहू रुजत नाही, भात रुजतो. १९९२ साली पेराता व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, अशा कोंडीतही भाताच्या दाण्यात अमायलेज हे एंझाइम तयार होते व साठविलेल्या पिष्टाची शर्करा बनते. गव्हात तसे घडत नाही. परंतु हा व्यवहार उधळपट्टीचा होय. ग्लुकोजच्या एका रेणूपासून श्वसनात सुमारे ३० एटीपी मिळतात, तर किण्वनात अवघे २. शिवाय कोंब वाढतो, मूळ मात्र फुटत नाही. आणि मुळावाचून रोप चिखलात टिकावे कसे? रहूमध्ये मूळ हवेतच फुटून आलेले असते, ही त्या रीतीची खरी मेख. अर्थात कोकणच्या शेतकऱ्यास हे रसायन अवगत होते, असे म्हणणे इतिहासास धरून होणार नाही.

२०१५ मध्ये फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या संशोधकांनी ब्रह्मदेशातील ‘खाओ ह्लान ऑन’ या जुन्या वाणातील एक जनुक उजेडात आणले. त्याच्या योगे बुडालेल्या दाण्यातील पिष्ट अधिक वेगाने कोंबाकडे जाते. मोड न आणता पेरलेले बी पाण्याखाली तगावे, हा त्यामागील हेतू.