फियाट, मीठ आणि तांबडी माती

बाबांची फियाट आमच्या घराच्या मागच्या पडवीत सात वर्षं उभी होती. दर दसऱ्याला तिला झेंडूची माळ पडायची, नारळ फुटायचा, पुढच्या काचेवर कुंकवाचं बोट टेकायचं... चाक तेवढं फिरत नव्हतं. गेल्या वर्षी दसऱ्याच्या दिवशी आई म्हणाली, "देवाला निदान नैवेद्य तरी दाखवतो आपण. हिला नुसतीच फुलं." ते मनाला लागलं आणि मी मेस्ताला बोलावून घेतलं.

मेस्त सत्तरीकडे झुकलेला. त्यानं बॉनेट उघडलंच नाही. जमिनीवर उकिडवा बसला, दाराखालच्या पत्र्याच्या पोकळ पेटीवर (गाडीचा उंबरठाच म्हणा ना) पेचकस ठोकत ठोकत मागून पुढे सरकत आला. टण, टण, टण... आणि मग आवाज नाही. पेचकस मुठीपर्यंत आत. "बाब, भितर कांयच ना मरे," म्हणाला, आणि हाताची ओंजळ पुढे केली. ओंजळीत गंजाचे पापुद्रे आणि आमच्या अंगणातली तांबडी माती.

जुनी मोटार म्हटली की गोव्यातल्या कुणालाही मुक्तीपूर्व काळातल्या परदेशी गाड्या आठवतात. त्यात चूक काही नाही. १९५५ साली भारतानं गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली तेव्हा सरहद्दीवरून येणारा माल थांबला, पण मुरगावच्या बंदरातून लोहखनिज बाहेर जात राहिलं आणि त्या पैशांवर जहाजं भरभरून माल आत येत राहिला. त्यात मर्सिडीज होत्या, ओपेल होत्या, फोक्सवॅगन होत्या. मर्सिडीज टॅक्सी म्हणून धावत होती असं आज मुंबईच्या माणसाला सांगितलं तर त्याला थाप वाटते. आणखी एक गंमत. पोर्तुगालनं १९२८ साली आपली वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूला नेली, पण शेजारी ब्रिटिश हिंदुस्थान डावीकडून चालत असल्यामुळे गोव्यात ती डावीकडूनच राहिली. लिस्बन उजवीकडून आणि पणजी डावीकडून! पुढे मुक्तीनंतर निदान रस्त्याची बाजू तरी बदलावी लागली नाही.

बदललं ते दुसरंच. १९ डिसेंबर १९६१ला गोवा भारतात आला, आणि ज्या देशात आला तिथे मोटार दुकानात जाऊन विकत घेण्याची वस्तू नव्हती, नंबर लावून वाट पाहण्याची वस्तू होती. गाड्या नुसत्या जुळवून विकणाऱ्या परदेशी कंपन्या १९५३-५४च्या सुमारासच इथून गेल्या होत्या, कारण देशातच गाडी बनवण्याचा कार्यक्रम असेल तरच थारा, असं सरकारी धोरण ठरलं होतं. मग उरल्या मुख्यतः तीन : उत्तरपाड्याची अँबॅसिडर, मद्रासची स्टँडर्ड आणि मुंबईत कुर्ल्याला बनणारी फियाट. फियाटसाठी माणसं वर्षानुवर्षं थांबत. आमच्या वाड्यावर एक ओपेल होती. तिचे सुटे भाग येणं बंद झाल्यावर मालकानं तिला अँबॅसिडरचं इंजिन बसवून घेतलं. ती गाडी पुढे कितीतरी वर्षं चालली, पण तिचं नाव काय सांगायचं याचा प्रश्न मालकाला शेवटपर्यंत सुटला नाही.

आमची फियाट १९७१ची. बाबांनी ती १९७६ साली म्हापशाच्या एका डॉक्टरांकडून जुनी घेतली. नंबर जीडीनं सुरू होणारा, म्हणजे गोवा, दमण आणि दीव एकत्र होते त्या काळातला. या गाडीची वंशावळ मी त्या वेळी कधी विचारली नव्हती. ती आता कळते आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिकडे इटलीत फियाटनं १९५३ साली ११००चं नवं मॉडेल आणलं आणि पुढच्याच वर्षी ते कुर्ल्याला पोचलं. पहिल्या गाडीची पुढची दारं उलटी उघडायची, अंग गोलमटोल. आपल्या लोकांनी तिचं बारसं केलं 'डुक्कर फियाट'. शिवी नव्हे बरं, लाडच तो! १९६४च्या सुमारास कोरीव कडांची ११००डी आली. बाबांची ती हीच. तिचीच पुढे प्रेसिडेंट झाली, १९७४ साली पद्मिनी झाली, आणि थोडेफार बदल सोडले तर तेच अंग घेऊन ती २००० सालाच्या आसपासपर्यंत बनत राहिली. इटलीनं केव्हाच सोडून दिलेला साचा आपण पस्तीसेक वर्षं चालवला. याला कुणी मागासलेपण म्हणतं. म्हणोत बापडे. पण त्यामुळेच १९७१च्या गाडीला १९९५च्या गाडीचा दिवा बसतो, हेही खरंच.

आता मेस्ताच्या पेचकसाकडे येतो. त्याआधीच्या कितीतरी मोटारींना खाली लोखंडी सांगाडा असायचा, वर पत्र्याचं अंग बोल्टांनी बसवलेलं. ११००ला तसा सांगाडा नाही. तिचा पत्रा हाच तिचा कणा. तळ, उंबरठे, खांब, छप्पर, सगळं एकमेकांना जोडून एक डबा केलेला आणि त्या डब्याच्या बळावर गाडी उभी. इटलीत हे हलकं नि स्वस्त पडलं. पण हीच गाडी कोकणच्या किनाऱ्यावर आणली की खाऱ्या वाऱ्याला आणि चार महिन्यांच्या पावसाला सरळ हाडालाच हात घालता येतो. उंबरठ्याच्या पेटीला खालून पाणी निथळायला बारीक भोकं ठेवलेली असतात. आमची तांबडी माती चाकानं उडून आत जाते, ओली होते, भोकं बुजवते आणि मग पेटीत पाणी साचून राहतं. बाहेरून रंग चकचकीत, आतून पत्रा कागद. लांबी भरून रंग मारला की गाडी पुन्हा नवरीसारखी दिसते. ती विकताना हे फार उपयोगी पडतं! चालवायची असेल तर मात्र पत्रा कापण्यावाचून गत्यंतर नाही.

हे काम आम्ही घरीच, पडवीत केलं. उंबरठा कापला की डब्याचा जीवच जातो. गाडी मधोमध वाकते आणि मग दारं जन्मात लागत नाहीत. म्हणून मेस्तानं आधी खाली ठोकळे लावून तिला सपाट टेकवली आणि दारांच्या चौकटीत आडवे लोखंडी कोन तात्पुरते जोडले. मगच करवत. एका वेळी एकच बाजू, तीही हातभर हातभर. चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचं, नवा तुकडा वाकवून जोडायचा, घासायचा, रेड ऑक्साइड मारायचा, मग पुढचा. एका बाजूला तीन आठवडे गेले. माझं काम म्हणजे धरायचं, घासायचं, आणि शेजाऱ्यांच्या "नवी का घेत नाही?"ला उत्तरं द्यायची.

चालकाच्या पायाखालचा गालिचा काढला तेव्हा खाली एक ठिगळ निघालं. खोबरेल तेलाचा चौकोनी डबा कापून, सपाट करून, रिबेट मारून बसवलेला. आतल्या बाजूला नारळाच्या झाडाचं चित्र अजून दिसत होतं. काम बाबांचं. ५ जुलै १९८६ला मांडवीवरचा पूल कोसळला आणि गाड्या पुन्हा फेरीबोटीवर चढू लागल्या, तेव्हाच्या दिवसांतलं असणार. बेतीच्या धक्क्यावर रांगेत उभं असताना खालून पाणी आत आलं होतं आणि पुढच्या लांब सीटवर आई-बाबांच्या मध्ये बसलेल्या मी पाय वर घेतले होते, ते मला आठवतं. गिअर स्टिअरिंगला असल्यामुळे तिसऱ्याला तिथे जागा मिळायची, ती माझी. मेस्त ठिगळाकडे पाहून हसला. "पत्रो न्हय हो, डबो," म्हणाला. ठेवावं असं मला फार वाटलं. पण ज्या जागी ते होतं तिथे ब्रेकचा पाय दाबायचा असतो. ते काढलं.

याच दिवसांत दुसरी एक अडचण जाणवू लागली. ब्रेकचे सिलिंडर गंजलेले, पेट्रोल पंपाचा पडदा विरलेला. आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला मानवत नाही आणि पाणीही ओढून घेतं. गाडी नुसती उभी ठेवली तर कार्बोरेटरच्या वाटीत पांढरा साका धरतो. रबर बदलायला हवं होतं. पूर्वी हा प्रश्नच नव्हता, कुणी मुंबईला निघालं की चिठ्ठी द्यायची, भाग यायचे. कारण मुंबईत काळ्यापिवळ्या टॅक्सी होत्या. इतक्या फियाटी रोज रस्त्यावर झिजत असताना त्यांचे भाग बनवणं कुणाला तरी परवडत होतं. घरोघरच्या हौशी गाड्या त्या टॅक्सीवाल्यांच्या जिवावर चालत होत्या, हे आमच्या कधी ध्यानात आलं नाही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरून ३० ऑक्टोबर २०२३ला ती रस्त्यावरून उतरली. त्या दिवशी वर्तमानपत्रांनी हळवे मथळे दिले. मला त्या मथळ्यांचा अर्थ दोन वर्षांनी, ब्रेकचं एक रबर शोधताना कळला. तीन दुकानांत दुकानदारानं नाव ऐकूनच मान हलवली. चौथ्यानं माळ्यावरून एक धुळकट पुडी काढून दिली, पैसे घेतले आणि म्हणाला, "शेवटची."

गाडी उभी राहिली, इंजिन बोललं. मग कागदांचा प्रश्न आला. जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारनं पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम काढले. वीस हजार रुपये भरायचे, दहा वर्षांसाठी वेगळी पाटी मिळते. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, आणि तिनं रोजच्या कामाला रस्त्यावर येऊ नये. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच यावं. दुसरा रस्ता साध्या नोंदणीचा : दर पाच वर्षांनी तपासणी. त्याची फी २०२२ साली सहाशेवरून पाच हजारांवर गेली आणि २०२५ साली वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी दहा हजार झाली.

मित्रांचा सल्ला एकमुखी होता : व्हिंटेज कर, मान आहे, किंमत वाढेल. नियम वाईट आहेत असंही मी म्हणणार नाही. राजेरजवाड्यांच्या रोल्स-रॉइसला ते शोभतात. पण फियाटीला 'मूळ रूप' कुठलं? हिचा डायनामो जाऊन अल्टरनेटर आला तो बाबांच्या वेळी. एक दार अपघातानंतर दुसऱ्या गाडीचं लागलं. इंजिनाचं बोअरिंग दोनदा झालं. ही गाडी इथे दुरुस्त होत होतच पन्नास वर्षांची झाली, आणि ज्या मेस्तांनी तिला चालती ठेवली त्यांचा हात काढून टाकला तर उरलेल्या गाडीशी आमच्या घराचा काय संबंध? शिवाय आईचा मुद्दा सरळ होता. "म्हापशाच्या बाजाराला जायला ती पाटी चालेल?" चालणार नव्हती.

मी साधी नोंदणी केली. तपासणीला तरुण अधिकारी होता; तो खाली वाकला, नव्या उंबरठ्यावर बोटानं टकटक केली, आवाज ऐकला आणि विचारलं, "हें कोणें केलां?" मेस्त मागे उभा होता. त्यानं उत्तर दिलं नाही, नुसती लुंगी सारखी केली.

आता शुक्रवारी आम्ही बाजाराला जातो. आई पुढे बसते, मधल्या जागेत भाजीची पिशवी. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी शोषून घेतं म्हणून ते मी दर मे महिन्यात बदलणार आहे, आणि रविवारी सकाळी जुन्या छत्रीची एक तार घेऊन उंबरठ्याखालची भोकं मोकळी करत बसतो. माती निघतेच. डब्याचं ते ठिगळ पडवीच्या खांबाला खिळ्यानं ठोकलं आहे. त्यावर तार अडकवून ठेवायला बरं पडतं.