मनगटातील हाडे निखळणे

मनगटातील हाडे निखळणे ही जोरदार आघाताने होणारी, क्वचित आढळणारी, परंतु वेळीच न ओळखल्यास हात कायमचा दुबळा करणारी इजा आहे. मनगटात आठ लहान हाडे दोन ओळींत असतात. त्यांपैकी चंद्रकोरीच्या आकाराचे मधले हाड, म्हणजे चंद्रास्थी, या इजेच्या केंद्रस्थानी असते. झाडावरून किंवा धावत्या दुचाकीवरून पडताना माणूस तळहात टेकतो. मनगट मागे वाकते आणि चंद्रास्थीभोवतीचे अस्थिबंध एकामागून एक तुटतात. प्रथम भोवतालची हाडे मागे सरकतात. आघात मोठा असल्यास चंद्रास्थीच तळहाताच्या बाजूला निसटते. पुष्कळदा शेजारचे नौकाकृती हाडही मोडते.

निदान

खरी अडचण निदानाची आहे. सुजेमुळे मनगटाचा बिघडलेला आकार झाकला जातो आणि हात ‘मुरगळला’ असे समजले जाते. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या १६६ रुग्णांच्या पाहणीत सुमारे चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत ही इजा आरंभी लक्षात आली नव्हती. केवळ समोरून काढलेल्या क्ष-किरण चित्रावर विसंबणे धोक्याचे असते. त्यात हाडांच्या कडांनी बनणाऱ्या तीन कमानी अखंड आहेत का, हे पाहावे लागते. मात्र निर्णायक ठरते ते बाजूने काढलेले चित्र. निसटलेली चंद्रास्थी त्यात कलंडलेल्या कपासारखी दिसते. अंगठा, तर्जनी व मधले बोट बधिर होणे हे चेतातंतू दाबला गेल्याचे लक्षण असून अशा वेळी विलंब परवडत नाही.

उपचार

भूल देऊन व हात ताणून हाडे शक्य तितक्या लवकर जागेवर बसवतात. तेवढ्याने ती सहसा टिकत नाहीत. म्हणून शस्त्रक्रियेने अस्थिबंध शिवून तारा घालतात आणि काही आठवडे प्लास्टर ठेवतात. वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय (तेथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेची स्थापना १९६९) आणि सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय या दोन्ही ठिकाणी अस्थिरोग विभाग आहेत. हाडवैद्याकडून मालीश करून घेण्याची ग्रामीण भागातील रीत या इजेत घातक ठरते. चोळल्याने तुटलेले अस्थिबंध जुळत नाहीत, आणि हाडे बसवण्याचा सोपा काळ मात्र निघून जातो.

काही महिने उलटल्यावर हाडांची एक ओळ काढून टाकणे किंवा मनगट कायमचे सांधून टाकणे, एवढेच पर्याय बहुधा उरतात. सांधलेले मनगट दुखत नाही, पण वाकतही नाही. विळा-खुरप्याच्या कामात ही उणीव जाणवते.