स्टार्टअपच्या फाउंडरचं विकिपीडियावर पान असावं का? हे नेमकं कोण आणि कसं ठरवतं?

इन्स्टाग्रामच्या बायोमध्ये 'फाउंडर' लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. लिंक्डइनवर प्रोफाइल पाच मिनिटांत तयार होतं. विकिपीडियाबद्दलही 'तिथे कुणीही काहीही लिहू शकतं' असं सर्रास म्हटलं जातं. तरीही तरुण उद्योजकांवर लिहिलेली अनेक पानं तिथून काढून टाकली जातात. काहींचे मसुदे तर प्रकाशितच होत नाहीत.

कंपनीला फंडिंग मिळालेलं असतं, बातम्या आलेल्या असतात, फॉलोअर्सही हजारोंनी असतात. मग अडतं कुठे?

सगळा खेळ 'उल्लेखनीयते'चा

विकिपीडिया जानेवारी २००१ मध्ये सुरू झाला. लेखांची संख्या वाढत गेली तसा कुणावर लेख असावा, हा प्रश्न सतत येऊ लागला. त्यावरची कसोटी म्हणजे उल्लेखनीयता. मराठी विकिपीडियावरही हाच शब्द वापरला जातो.

इंग्रजी विकिपीडियाचा मूळ नियम साधा आहे. त्या व्यक्तीबद्दल विश्वासार्ह माध्यमांनी, तिच्याशी हितसंबंध नसताना, सविस्तर लिहिलेलं असावं. असं लेखन एकाहून जास्त ठिकाणी आलेलं असावं.

यात उलाढाल, फॉलोअर्स किंवा कंपनीचं मूल्यांकन यांचा उल्लेखही नाही, हे लक्षात घ्या. माणूस किती यशस्वी आहे, हे विकिपीडिया मोजत नाही. त्याच्याबद्दल इतरांनी स्वतःहून किती लिहिलंय, एवढंच तिथे पाहिलं जातं.

एक उदाहरण घेऊ

समजा, नाशिकच्या एका तरुणीने शेतमाल थेट ग्राहकांपर्यंत पोहोचवणारं अ‍ॅप काढलं. तिच्याकडे पाच कात्रणं आहेत. संपादक ती कशी तपासतील?

१. फंडिंगची बातमी: चार वेबसाइट्सवर आली, पण मजकूर जवळपास तोच. म्हणजे मूळ एकच प्रेस नोट. गुंतवणूक मिळाल्याची बातमी नेहमीच्या व्यवहाराची मानली जाते. ती उल्लेखनीयतेसाठी धरत नाहीत.

२. मुलाखत: प्रश्न पत्रकाराचे, पण माहिती सगळी तिचीच. स्वतःबद्दल स्वतः सांगितलेलं स्वतंत्र धरलं जात नाही.

३. 'लक्ष ठेवावे असे ३० उद्योजक' अशी यादी: तिच्यावर दोन ओळी आणि एक फोटो. हा सविस्तर मजकूर नाही.

४. पुरस्कार: नामांकित आणि महत्त्वाचा पुरस्कार असेल तर वजन पडतं. नोंदणी शुल्क भरून मिळणाऱ्या ट्रॉफीचा उपयोग नाही.

५. एका मराठी दैनिकातला अर्ध्या पानाचा लेख: वार्ताहराने शेतकऱ्यांना गाठलं, भाव तपासले, अ‍ॅपमधल्या अडचणीही लिहिल्या. हे कात्रण चालतं.

पाचपैकी एकच टिकलं. असे आणखी दोन-तीन लेख आले की तिची बाजू भक्कम होईल.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. इंग्रजी विकिपीडियाला इंग्रजीच बातमी लागते, असं नाही. मराठी वृत्तपत्र चालतं. ऑनलाइन नसलेला, फक्त छापलेला अंकही चालतो.

भारतातल्या बातम्यांकडे जास्त बारकाईने का पाहतात?

कारण 'पेड न्यूज'. २००९ च्या निवडणुकांनंतर हा मुद्दा देशभर गाजला आणि भारतीय प्रेस परिषदेने २०१० मध्ये त्यावर अहवाल दिला. आता उद्योजकांचं कौतुक करणारे पैसे देऊन छापलेले लेखही नवे राहिलेले नाहीत. 'ब्रँड' किंवा 'पार्टनर' अशी बारीक अक्षरं, वार्ताहराचं नाव नसणं, शेवटी 'या मजकुराशी संपादकीय विभागाचा संबंध नाही' अशी ओळ, या खुणा संपादक शोधतात. वृत्तसंस्था मोठी असली म्हणून तिच्यावरचा प्रत्येक मजकूर विश्वासार्ह ठरत नाही.

कंपनी मोठी, मग फाउंडर आपोआप मोठा?

नाही. कंपनीबद्दल भरपूर लिहिलं गेलं असेल, तर कंपनीवर लेख होतो. फाउंडरची ओळख तेवढ्यापुरतीच असेल, तर त्याची माहिती कंपनीच्या लेखातच दिली जाते आणि त्याचं नाव शोधणाऱ्याला तिथे वळवलं जातं. स्वतंत्र पानासाठी त्या व्यक्तीबद्दल वेगळं, सविस्तर लेखन हवं.

निर्णय कोण घेतं?

जगभरातले स्वयंसेवक संपादक. इंग्रजी विकिपीडियावर नव्या सदस्याला थेट लेख प्रकाशित करता येत नाही. आधी मसुदा तपासणीला जातो. प्रकाशित लेखावर आक्षेप आला, तर साधारण सात दिवस खुली चर्चा होते. तिथे मतं मोजत नाहीत, मुद्दे पाहतात. त्यामुळे ५० मित्रांना 'पान ठेवा' लिहायला लावून फायदा होत नाही. निव्वळ जाहिरात असलेलं पान तर चर्चेविनाच काढलं जातं.

प्रत्येक भाषेचा विकिपीडिया आपले नियम स्वतः ठरवतो. इंग्रजीत पान आहे म्हणून मराठीत असलंच पाहिजे, असं नाही.

ही पद्धत चुकत नाही का?

चुकते. कॅनडातल्या भौतिकशास्त्रज्ञ डॉना स्ट्रिकलंड यांच्यावरचा मसुदा मे २०१८ मध्ये पुरेशा स्वतंत्र संदर्भांअभावी नाकारला गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांना नोबेल मिळालं आणि मग पान झालं. माध्यमांचं ज्यांच्याकडे लक्ष जात नाही, त्यांच्याकडे विकिपीडियाचंही जात नाही. महानगरांबाहेर काम करणाऱ्या उद्योजकांना आणि स्त्रियांना याचा फटका जास्त बसू शकतो.

'पैसे द्या, पान बनवून देतो' म्हणणाऱ्यांचं काय?

सावध राहा. पैसे घेऊन संपादन करणाऱ्याने ते जाहीर करणं, २०१४ पासून विकिमीडिया फाउंडेशनच्या अटींनुसार बंधनकारक आहे. २०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने एक मोठी टोळी पकडली. ज्यांचे मसुदे नाकारले गेले होते, अशा छोट्या व्यावसायिकांना आणि कलाकारांना गाठून ती पैसे घ्यायची. पान झाल्यावर ते 'सुरक्षित' ठेवण्यासाठी पुन्हा दरमहा पैसे मागायची. तपासानंतर ३८१ खाती बंद झाली आणि २१० लेख काढले गेले. पैसे गेले, पानही गेलं. वर पान वगळल्याची नोंद सगळ्यांना दिसत राहते, ती वेगळीच.

आणि पान झालंच तर?

ते तुमच्या मालकीचं नसतं. थेरानॉसच्या फाउंडर एलिझाबेथ होम्स यांच्यावर आधी कौतुकाचे रकाने भरून आले. ऑक्टोबर २०१५ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने कंपनीच्या रक्तचाचण्यांच्या दाव्यांवर प्रश्न उभे केले. जानेवारी २०२२ मध्ये होम्स गुंतवणूकदारांच्या फसवणुकीत दोषी ठरल्या. हे सगळं आज त्यांच्या पानावर आहे आणि त्या ते काढू शकत नाहीत.

उल्लेखनीयतेच्या नियमाचा खरा उपयोग वाचकाला होतो. एखाद्या स्टार्टअपमध्ये नोकरी धरण्याआधी किंवा पैसे गुंतवण्याआधी लोक फाउंडरचं नाव शोधतात. तिथे त्यांना त्याचीच जाहिरात मिळाली, तर फसण्याची शक्यता वाढते. म्हणून पुढच्या वेळी असं पान दिसलं की खालचे संदर्भ उघडा. 'चर्चा' आणि 'इतिहास' या टॅबवरही एकदा नजर टाका. ते पान कुणी आणि कशाच्या आधारे लिहिलंय, याचा अंदाज दोन मिनिटांत येतो.