बोहाडा : नाचणाऱ्या मुखवट्यांचा उत्सव

भारुडातील सोंगे जालना-पैठणच्या पट्ट्याला नवी नाहीत. ती वेशभूषेवर आणि बोलण्यावर उभी राहतात. पालघर जिल्ह्यातील जव्हार, मोखाडा आणि नाशिक जिल्ह्यातील पेठ, सुरगाणा या डोंगराळ भागातील बोहाड्यात मात्र सोंग म्हणजे प्रामुख्याने मुखवटा.

होळीनंतर, पावसाळी शेतीची कामे सुरू होण्यापूर्वी हा उत्सव गावोगाव होतो. कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकर आदी समाज त्यात सहभागी होतात. रात्री टेंभ्यांच्या उजेडात संबळ आणि सनईच्या साथीने एकेक सोंग नाचत येते. आरंभी गणपती व सरस्वती. पुढे रावण, नरसिंह, त्राटिका, वेताळ, काळभैरव. विशिष्ट सोंगाचा मान विशिष्ट घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असतो. चेहऱ्याभोवती कापड गुंडाळून त्यावर मुखवटा घट्ट बांधतात.

जुने मुखवटे लाकडात कोरलेले. अनेक मस्तकांचा लाकडी रावण बांधून नाचणे हे ताकदीचेच काम! पुढे कागदाच्या लगद्याचे हलके मुखवटे रूढ झाले. शहरी दुकानांतही ते भिंतीवरील शोभेची वस्तू म्हणून पोहोचले. कारागिराला त्यातून चार पैसे मिळतात, ही गोष्ट नाकारण्यासारखी नाही. परंतु सोंगाचा मान त्या विक्रीबरोबर जात नाही.

हा भेद मध्य आफ्रिकेत अधिक कठोरपणे दिसतो. गॅबॉनमधील फांग समाजात ‘न्गिल’ नावाचे गुप्त मंडळ चेटूक करणाऱ्यांचा शोध घेई व न्यायनिवाडा करी. त्याचा पांढऱ्या मातीने माखलेला, लांबट लाकडी मुखवटाही रात्री मशालींच्या प्रकाशातच प्रकट होई. फ्रेंच वसाहती प्रशासनाने हे मंडळ मोडून काढले आणि मुखवटे युरोपात गेले. १९१७ च्या सुमारास एका फ्रेंच अधिकाऱ्याच्या हाती आलेला असा एक मुखवटा फ्रान्समधील एका वृद्ध दाम्पत्याने २०२१ मध्ये जुन्या वस्तूंच्या विक्रेत्याला अवघ्या १५० युरोंना विकला. मार्च २०२२ मध्ये माँपेलिए येथील लिलावात त्याला ४२ लाख युरो मिळाले. दाम्पत्य न्यायालयात गेले, गॅबॉननेही मुखवटा परत मागितला. डिसेंबर २०२३ मध्ये आलेस येथील न्यायालयाने दोन्ही मागण्या फेटाळल्या.

त्या मुखवट्यामागचे मंडळ आज उरलेले नाही. जव्हार-मोखाड्यात मुखवटे अजूनही वर्षभर मानकऱ्यांच्या घरी जपले जातात आणि उत्सवाआधी पुन्हा रंगवून बाहेर काढले जातात.