ऐसपैस गाडीचे दिवस

जुनी डॉज किंवा प्लिमथ दृष्टीस पडली की वडीलधाऱ्यांस आजही गतकाळ आठवतो. या अमेरिकी गाड्यांची जुळणी मुंबईत होई. शिवडीस जनरल मोटर्स १९२८ पासून, तर कुर्ल्यास वालचंद हिराचंदांची प्रीमियर १९४७ पासून. पुढची बैठक अखंड, गिअरचा दांडा सुकाणूपाशी; कुलदेवतेच्या यात्रेस निघालेल्या कुटुंबातील तिघे पुढे सुखाने बसत. परंतु १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने नुसत्या जुळणीस आळा घातला. सुटे भाग येथेच घडविणे आवश्यक ठरले. जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला आणि छोटी फियाट रस्त्यावर रूढ झाली. त्या आरामाची हळहळ स्वाभाविक आहे. मात्र त्याच्या मोबदल्यात आपल्या कारागिरांच्या हाती एक नवा उद्योग आला, हे स्मरणात असावे.