देवी नायनिकेच्या लेण्यात

ठाकुर्लीच्या जुन्या रहिवाशांच्या बोलण्यात 'पावर हाऊस' हा शब्द अजून येतो. कोळशावर चालणारे हे रेल्वेचे वीजगृह चोळे गावाजवळ उभे राहिले, आणि त्याच सुमारास, १९२९ व १९३० या दोन वर्षांत, कल्याणहून पुण्याकडे आणि इगतपुरीकडे जाणाऱ्या लोहमार्गांचे विद्युतीकरण झाले. तेव्हापासून बोरघाट आणि थळघाट या दोन बिकट चढणींवर गाड्या ओढून नेणाऱ्या इंजिनांना लागणारी शक्ती आमच्या या लहानशा स्थानकाच्या अंगणातून जाऊ लागली. सह्याद्री चढून जाण्याच्या व्यवहाराशी आमच्या परिसराचे नाते मात्र याहून दोन हजार वर्षे जुने आहे, आणि ते मुलाला पुस्तकात नव्हे तर दगडावर दाखवावे, या इच्छेने गेल्या माघात मी माझ्या अकरा वर्षांच्या लेकाला घेऊन नाणेघाट चढून गेले.

कल्याणहून मुरबाड, सरळगाव, टोकावडे अशी गावे घेत एस.टी. माळशेजच्या रस्त्याला लागते. वैशाखरे मागे पडले की उजव्या अंगाला सह्याद्रीची भिंत आणि तिच्यातून पुढे आलेला नानाचा अंगठा दिसू लागतो. तिथे उतरून रानातल्या वाटेने चालू लागलो, तेव्हा मुलाने विचारले, "आई, इथे आगगाडी का नाही गेली?"

प्रश्न रास्त होता. बोरघाटातून गाडी १८६३ साली वर गेली आणि थळघाटातून १८६५ साली. कल्याणला फुटलेले हे दोन फाटे उत्तरेला आणि दक्षिणेला वळले आणि मधला नाणेघाट तसाच राहिला. त्याच्याही आधी, १८३० साली, बोरघाटात गाडीरस्ता झाला, तेव्हाच चाकांच्या वाहतुकीने आपली वाट निवडली होती. नाणेघाट हा पायांचा घाट आहे. बैलांच्या पाठीवर गोणी लादून जाणाऱ्या तांड्यांचा, डोक्यावर ओझे घेऊन चढणाऱ्या माणसांचा. चाकाने त्याला टाळले म्हणूनच त्याच्या पायऱ्या आणि त्याची फरसबंदी आपल्याला पाहायला उरली, असे मला वाटते, आणि त्याबद्दल मी मनोमन चाकाची कृतज्ञ आहे.

एके काळी हीच राजवाट होती. कोण्या अनाम ग्रीक नाविकाने इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासवृत्तात कल्याणचे नाव 'कल्लिएना' असे येते. थोरल्या सारगनसच्या अमदानीत ही सनदशीर पेठ होती, पण पुढे संदनेसच्या ताब्यात गेल्यावर तिथे चुकून आलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे तो सांगतो. सारगनस म्हणजे सातकर्णी, हे अभ्यासकांना सहज पटले आहे. खाडीत उतरलेला माल घाट चढून जुन्नरला, तिथून पुढे पैठणला आणि तेरला जाई, आणि देशावरचा माल याच वाटेने बंदरात उतरे. या रहदारीची साक्ष देणारा एक माणूस तर आमचाच शेजारी म्हणावा लागेल. जुन्नरजवळ लेण्याद्रीच्या चैत्यगृहावर कोरलेल्या लेखात दाता म्हणून कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याचे नाव आहे. हेरणिक म्हणजे सोनार, किंवा कोणी म्हणतात त्याप्रमाणे खजिनदार. काहीही असो, आमच्या खाडीकाठी ज्याच्या बापाने सोने तोलले, त्या मुलाने घाट चढून जाऊन पलीकडच्या डोंगरात भिक्षूंसाठी चैत्यगृह दिले. चढणीवर दम खायला बसलो असताना मी ही हकीकत सांगितली, तेव्हा लेकाने एवढेच विचारले की तोही असाच मध्येमध्ये बसला असेल का. बसला असणारच.

खिंडीच्या तोंडाशी लेणे लागते. वर घाटमाथ्यावर दगडात कोरलेला मोठा रांजण आहे आणि त्यात जकातीची नाणी टाकीत, अशी लोकांची परंपरागत समजूत आहे. घाटाचे नावही तिच्याशी जोडले जाते. जकात, हाशील, चौकी हे शब्द पुढच्या अंमलांचे. पण त्यांच्यामागची वहिवाट किती पुरातन असावी, हे या खिंडीत उभे राहिले की पटते, कारण इथून निसटून जायला बैलाला दुसरी वाट नाही.

लेण्याच्या डाव्या-उजव्या भिंतींवर तो विख्यात ब्राह्मी लेख आहे. १८२८ साली साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची दखल घेतली, पंडित भगवानलाल इंद्रजींनी त्याच्या अक्षरांवर आणि अंकांवर परिश्रम केले आणि १८८३ साली ब्यूलरने तो साक्षेपाने प्रसिद्ध केला. धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन करून तो सुरू होतो आणि मग अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, गावे आणि कार्षापणांची याद येते. ती कोणा दप्तरदाराने मांडावी इतकी काटेकोर आहे. यज्ञ पाहायला आलेल्या प्रेक्षकांना काय दिले, तेसुद्धा तिच्यात आहे.

मुलाचे लक्ष अंकांनी वेधले. दोन आडव्या रेघा म्हणजे दोन, हे त्याने न सांगता ओळखले. लेखात २४,४०० कार्षापणांचा आकडा आहे. तो लिहिताना वीस हजारांचे, चार हजारांचे आणि चारशेचे अशी तीन चिन्हे शेजारी शेजारी मांडली आहेत. हजाराच्या चिन्हाला चाराचे चिन्ह जोडले की चार हजार, शंभराच्या चिन्हाला जोडले की चारशे. शून्य नाही, स्थानाला किंमत नाही. वहीत मी काढून दिलेली चिन्हे त्याने पुन्हा पुन्हा गिरवली आणि मग म्हणाला, "म्हणजे यांना हातचा घेता येत नसेल." मी थक्क झाले. भारतीय अंकांच्या इतिहासातली एवढी मोठी गोष्ट शाळकरी वजाबाकीच्या भाषेत यापूर्वी मला कोणी सांगितली नव्हती.

हा लेख इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानतात. त्यात जिचे वर्णन येते ती राणी मासोपवासिनी आहे, घरात राहून तापसीचे जिणे जगणारी आहे, ब्रह्मचर्य आचरणारी आहे. ती श्रीसातकर्णीची विधवा नागनिका, म्हणजेच नायनिका, असावी, आणि आपला अल्पवयीन मुलगा वेदिश्री याच्या नावाने तिने राज्याचा कारभार पाहिला असावा, असा अर्थ विद्वानांनी लावला आहे. मला तो मनापासून पटतो. एक आई मुलांच्या वतीने राज्य सांभाळते आहे, नवऱ्याने केलेल्या यज्ञांचा हिशेब सार्वजनिक वाटेवर कोरून ठेवते आहे, म्हणजे वर चढणाऱ्या प्रत्येक सार्थवाहाला कळावे की हे घराणे कोणाचे आणि याचा वारस कोण. पुढच्या सातवाहन राजांनी गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र अशी आईच्या गोत्रनामाने ओळख मिरवली, ती परंपरा पाहताना या लेण्यातल्या बाईची आठवण मला नेहमी होते.

मागच्या भिंतीवर त्या घराण्याच्या प्रतिमा होत्या. वर नावे आहेत: राया सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा श्रीसातकर्णी, ज्यात राणीचे नाव आधी येते, कुमार भायल, महारठी त्रनकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. राजा, राणी, मुलगे आणि एक महारठी, असे सगळे आप्तपरिवारासह वाटसरूंच्या समोर उभे होते. आता नावांखाली फुटलेला कातळ आहे आणि तळाशी काही पावलांचे अवशेष. पावसाळ्यात घाटमाथ्यावरचा उलटा धबधबा पाहायला जी गर्दी लोटते, तिच्यातली पुष्कळशी माणसे या भिंतीकडे पाठ करून आडोशाला बसतात; कोणी आपली नावे खरवडूनही जातात. याचे मला अतोनात दुःख होते.

मुलगा ओणवा होऊन, हात मागे बांधून, ती पावले न्याहाळत होता. "यातली आईची कुठली?" त्याने विचारले. मी वरची अक्षरे दाखवली, दे, वि, ना, य, नि, का, आणि तिथून सरळ रेषेत बोट खाली आणले. तो बराच वेळ तिथे बसून राहिला. मग टाक्यातले पाणी पाहून आलो, आणि ऊन कलायच्या आत पायऱ्या उतरू लागलो.