मुंबईचं बेट आणि आपल्या घरची बॅटरी



मी घाटकोपरला राहते. स्टेशनपासून पश्चिमेला वर चढत गेलं की डोंगरावर आमची चाळ लागते. इथं सातारा, रत्नागिरी, सांगलीकडची माणसं पुष्कळ. माझं सासर पाटण तालुक्यातलं. शिमग्याला गावी गेले, तेव्हा जाऊबाई मला बचत गटाच्या बैठकीला घेऊन गेल्या. तिथं एकीनं विचारलं, "ताई, वादळ झालं की आमची वीज दोन-दोन दिवस जाते. गटातून कर्ज काढून सोलर आणि बॅटरी घ्यायचं मनात आहे. तुम्ही मुंबईच्या, सांगा बरं कोणतं घ्यावं?"

मी म्हटलं, मुंबईनं हाच प्रश्न शंभर वर्षांत कसा सोडवला, आणि एका दिवशी तो कसा फसला, ते आधी ऐका. मग कोणतं घ्यावं ते तुमचं तुम्हालाच कळेल. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगते.

मुंबईला वीज आली ती सह्याद्रीतून. १९१५ साली खोपोलीला टाटांचं वीजघर सुरू झालं. लोणावळ्याच्या बाजूला तलाव बांधून पाणी साठवलं, ते मोठ्या नळांतून घाटाखाली सोडलं, आणि त्या जोरावर चाकं फिरवून वीज केली. ती मुंबईच्या कापडगिरण्यांना मिळाली. गिरण्या वाढल्या तशी वीज कमी पडू लागली. मग नजर गेली मुळशीच्या खोऱ्यावर. निळा-मुळेच्या संगमावर धरण बांधायचं ठरलं. त्यात पिढ्यान्‌पिढ्या कसलेली भाताची खाचरं आणि घरं बुडणार होती. मावळे शेतकऱ्यांनी १९२१ च्या एप्रिलमध्ये सत्याग्रह सुरू केला. पुढे सेनापती म्हणून ओळखले गेलेले पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्यात पुढे होते. बायकाही बांधावर बसल्या, तुरुंगात गेल्या. तीन वर्षं लढा चालला. शेवटी धरण झालंच, आणि १९२७ साली मुळशीच्या पाण्यावर भिरा इथलं वीजघर सुरू झालं.

आमचं घाटकोपर मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी नाही. ते साष्टीतलं. उपनगरांना वीज देण्यासाठी १९२९ साली वेगळी कंपनी निघाली, बॉम्बे सबर्बन. टाटांकडून वीज घ्यायची आणि घरोघर वाटायची, हे तिचं काम. तिचीच पुढे बीएसईएस झाली, मग रिलायन्सनं घेतली, आणि २०१८ पासून ती अदानींकडे आहे. बिलावरचं नाव बदलत गेलं, पण वीज लांबूनच येत राहिली.

त्यानंतर कोयना. ही गोष्ट तर माझ्या सासरची. १९६२ साली कोयनेची वीज सुरू झाली. शिवसागरच्या पाण्याखाली गावं गेली, माणसं सोलापूर, सांगली, ठाणे, रायगडकडे पांगली. महाराष्ट्राचे कारखाने त्या विजेवर उभे राहिले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला मोठा भूकंप झाला. माणसं घरांखाली गाडली गेली. वीजघर बंद पडलं आणि इकडे मुंबईची वीज गेली. लांबून येणारी वीज वाटेत कुठंही तुटू शकते, हा धडा शहराला तेव्हाच मिळाला.

म्हणून १९८१ साली मुंबईसाठी एक व्यवस्था केली गेली. तिला विजेच्या भाषेत 'आयलंडिंग' म्हणतात, म्हणजे बेट करणं. बाहेरची मोठी ग्रिड कोसळू लागली, की मुंबईनं त्या क्षणी स्वतःची तार बाहेरच्या तारांपासून तोडायची. मग ट्रॉम्बेचं वीजघर, घाटातली जलविद्युत केंद्रं आणि जवळची आणखी वीजघरं यांच्यावर शहर चालवायचं. ती वीज सगळ्यांना पुरणार नाही हे ठरलेलंच. मग काय चालू ठेवायचं आणि काय बंद करायचं, हेही आधीच ठरवून ठेवायचं. रेल्वे, इस्पितळं, पाणी आधी. बाकीचं नंतर.

बाहेरची ग्रिड कोसळली तेव्हा या बेटामुळे मुंबईला पुष्कळदा अंधार कळलाच नाही. लोडशेडिंग ही वेगळी गोष्ट, पण २००५ नंतरची ती वर्षंही तुम्हाला आठवत असतील. गावात दिवसाला दहा-दहा, बारा-बारा तास वीज नसायची. दळणाचा डबा गिरणीत तसाच पडून राहायचा आणि मोटरीसाठी रात्री दोनला उठावं लागायचं. तेव्हा मुंबई झगमगत होती. गावची माणसं आम्हाला म्हणायची, "तुमचं बरं आहे बाई." आम्ही काय उत्तर देणार? ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, त्यांच्याच भागात दिवा नव्हता, हे खरंच होतं.

आणि मग आला १२ ऑक्टोबर २०२०. सोमवार, सकाळचे दहा वाजायचे होते नव्हते झाले होते. करोनाचे दिवस. मुलं मोबाईलवर शाळा शिकत होती. कळवा-पडघा भागातल्या मोठ्या वाहिन्यांमध्ये बिघाड झाला, बाहेरून येणारी वीज तुटली. आता बेटानं काम करायला हवं होतं, पण या वेळी बेटच टिकलं नाही. आतली केंद्रंही बंद पडली. लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या, इस्पितळं जनरेटरवर गेली, विद्यापीठाला परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. रेल्वे दोन-अडीच तासांत हळूहळू सुरू झाली, पण उपनगरांत कितीतरी ठिकाणी दुपार उलटून गेली तरी वीज नव्हती.

आमच्या डोंगरावर त्या दिवशी सगळ्यात आधी गेलं ते पाणी. खालून पंप चालला तरच पाणी वर येतं. शेजारच्या काकांना दम्याचा त्रास. वाफ घ्यायचं त्यांचं मशीन विजेवरचं. काकी ते पिशवीत घालून, काकांना रिक्षात बसवून, जनरेटर असलेला दवाखाना शोधत हिंडल्या. काका वाचले. पण ते मशीन चालायला लागणारी वीज एका पंख्यापेक्षा फार जास्त नव्हती, हे आम्हाला नंतर कळलं. घरात एवढीशी साठवलेली वीज असती, तर काकींना हिंडावं लागलं नसतं.

त्यानंतर आम्हीही घाईनं इन्व्हर्टर आणला. दुकानदारानं भली मोठी बॅटरी दिली आणि फ्रिज, मिक्सर, टीव्ही सगळं तिला जोडून दिलं. पुढच्या वेळी वीज गेली तेव्हा दीड तासात सगळं ठप्प. चूक बॅटरीची नव्हती. मुंबईनं १९८१ साली जे आधी ठरवलं, ते आम्ही ठरवलंच नव्हतं: अंधारात काय चालू राहिलं पाहिजे?

म्हणून मैत्रिणींनो, पहिली गोष्ट ही. दुकानात जाण्याआधी घरात बसून यादी करा. समजा तीन एलईडी बल्ब, प्रत्येकी ९ वॅटचे, म्हणजे २७. दोन मोबाईल चार्जिंगला, २० धरा. एक पंखा. जुना साधा पंखा ७५ वॅट घेतो, नवा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. नव्या पंख्यासह बेरीज ७७, म्हणजे ८० धरू. वीज पाच तास जाते असं समजा. ८० गुणिले ५, झाले ४०० वॅट-तास. विजेचं एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. म्हणजे तुम्हाला अर्ध्या युनिटपेक्षाही कमी वीज साठवायची आहे!

आता बॅटरी. पाणी घालायची शिशाची बॅटरी १२ व्होल्ट, १०० एएच असेल, तर १२ गुणिले १००, म्हणजे १२०० वॅट-तास. पण ती निम्म्याहून जास्त रिकामी केली की लवकर खराब होते. शिवाय इन्व्हर्टरमध्येही थोडी वीज वाया जाते. हाती येतात पावणेपाचशेच्या आसपास. आपलं काम ४०० चं, म्हणजे भागलं. तोच जुना पंखा ठेवला तर गरज सहाशेच्या वर जाते आणि १५० एएचची बॅटरी लागते. पंखा बदलला तर बॅटरी लहान लागते. दुकानदार हे आपण होऊन सांगेलच असं नाही.

लिथियमची बॅटरी, त्यातही लिथियम आयर्न फॉस्फेट नावाची, महाग पडते. पण ती जवळजवळ पूर्ण वापरता येते, हलकी असते, पाणी घालावं लागत नाही आणि जास्त वर्षं टिकते. वीज रोज जात असेल तर ती परवडू शकते. वर्षातून चार-सहा वेळा जात असेल तर शिशाची पुरे. मात्र शिशाची बॅटरी भरताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. ती चुलीजवळ, देवाच्या दिव्याजवळ किंवा बंद कपाटात ठेवू नका. तिच्यात नळाचं पाणी घालू नका, डिस्टिल्ड वॉटरच घाला. जुनी झाली की दुकानदाराला परत द्या. घरी कुणालाही फोडू देऊ नका, शिसं मुलांच्या मेंदूला घातक असतं.

दुसरी गोष्ट पॅनलची. इथंच बायका फसतात. २०२४ साली प्रधानमंत्री सूर्यघर योजना आली. छतावर १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ ला ६०,०००, आणि ३ किंवा त्याहून जास्तला ७८,००० रुपये अनुदान. बिल कमी करायला ही योजना चांगली. त्याच वर्षी आमच्याच पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली. मला त्याचं फार अप्रूप वाटलं. कोयनेच्या तालुक्यातलं गाव आता आपल्याच छपरावर वीज करतं!

पण एक लक्षात ठेवा. नुसतं ग्रिडला जोडलेलं, बॅटरी नसलेलं सोलर वीज गेली की स्वतःही बंद पडतं. भर दुपारी, लख्ख उन्हात सुद्धा. हा दोष नाही. तुमच्या छपरावरची वीज तारेत उतरली, तर खांबावर दुरुस्ती करणाऱ्या वायरमनचा जीव जाईल, म्हणून ते मुद्दाम तसं केलेलं असतं. अंधारात दिवा हवा असेल, तर तुमच्या घराला तारेपासून सुटून बेट होता आलं पाहिजे. त्यासाठी हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, किंवा वेगळा लहानसा सोलर इन्व्हर्टर. बॅटरीला हे अनुदान नाही. म्हणून दुकानदाराला एकच प्रश्न स्पष्ट विचारा: "वीज गेल्यावर हे चालणार का, आणि काय काय चालणार?" उत्तर कागदावर लिहून घ्या.

आपल्या ४०० वॅट-तासांच्या गरजेसाठी २०० वॅटचं पॅनल पुरतं. चांगल्या उन्हात ते दिवसाला ८०० वॅट-तासांपर्यंत देतं, पावसाळ्यात निम्म्याहून कमी. पॅनलच्या एका कोपऱ्यावर आंब्याची सावली पडली तरी वीज पुष्कळ घटते. पाण्याची मोटर, इस्त्री, गिझर या बॅटरीवर चालणार नाहीत. पाणी भरून ठेवणं हीच त्यावरची बॅटरी!

तिसरी गोष्ट वाऱ्याची. ३ जून २०२० ला निसर्ग वादळानं रायगड-रत्नागिरीत खांब झोपवले, कितीतरी गावं आठवडे अंधारात राहिली. आणि १३ मे २०२४ ला आमच्या घाटकोपरला, छेडानगरच्या पेट्रोल पंपावर, वादळात अवाढव्य होर्डिंग कोसळलं. १७ माणसं गेली. तो दिवस पाहिल्यापासून मी उंचावरची कुठलीही वस्तू दिसली की आधी तिचा पाया बघते. ज्या वादळासाठी तुम्ही पॅनल घेताय, त्या वादळात ते टिकलं पाहिजे. पत्र्यावर नुसतं ठेवून देऊ नका. सांगाडा वाशाला किंवा स्लॅबला बोल्टनं पक्का करून घ्या, आणि दर पावसाळ्याआधी बोल्ट तपासा.

त्या बैठकीत मी एवढं सांगितल्यावर गटातल्या बायकांनी तिथंच वहीत याद्या केल्या. एकीच्या यादीत सासूचं वाफेचं मशीन होतं, एकीच्या यादीत दहावीतल्या मुलीचा दिवा. जाऊबाईंनी आधी टीव्ही लिहिला होता, तो हसत हसत खोडला. मग गटानं ठरवलं, प्रत्येकीनं एकदम मोठं कर्ज काढायचं नाही. ज्या घरात आजारी माणूस किंवा तान्हं मूल आहे, त्या दोन घरांना आधी कर्ज द्यायचं. त्यांचा एक पावसाळा बघायचा, मग बाकीच्यांचं ठरवायचं.

मला ते मुंबईच्या व्यवस्थेपेक्षा शहाणपणाचं वाटलं. तुमच्या गटातही अशी यादी करून बघा. काय लिहिलं, काय खोडलं, ते आम्हाला जरूर कळवा.